पाहुण्यांची खोली आणि भिंतीतल्या तारा

तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांनी आपल्या राहत्या घरातील एकदोन खोल्या पर्यटकांसाठी उघडल्या आहेत, त्यांच्या ओटीवर बसून परवान्यांविषयीची तक्रार ऐकल्यावाचून सहसा उठता येत नाही. आणि ती निराधार नाही, कारण एका कचेरीचा दाखला हाती पडतो न पडतो तोच दुसरी कचेरी निराळ्या दस्तऐवजाची मागणी करते.

तथापि परवानाच नको, हे मत मला मान्य नाही. परमुलखात निजणाऱ्या माणसाच्या डोक्यावरील छपराचा धनी कोण, हे सरकारदप्तरी नमूद असावे, ही अपेक्षा जुनीच आहे. १८६७च्या सराई कायद्याने सराईवाल्यावर नोंदणीचे आणि विहिरी-गटारे स्वच्छ राखण्याचे बंधन घातले होते. गोव्यात १९८२चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. केंद्राच्या निवास व न्याहारी योजनेत खोल्या एक ते सहाच असाव्यात आणि मालकाने सहकुटुंब त्याच घरात राहावे, अशी अट आहे. तीच मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण अपरात्री पाहुण्याला ताप भरला तर दार ठोठावण्याजोगा माणूस तेथे असतो.

माझी खरी काळजी आहे ती भिंतीतल्या तारांची. एका घरी नोंदणीचा दाखला ओटीवर चौकटीत लावलेला होता, यजमान अत्यंत सज्जन, माजघर आरशासारखे लख्ख. आणि न्हाणीघरात गिझरची अर्थिंगची हिरवी तार कोठेच न जोडता गुंडाळून भिंतीत खोचून ठेवलेली! वायरमन कोण, असे विचारता ‘गावातलाच एक मुलगा’ एवढेच उत्तर मिळाले. विजेचे असे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावे, हा दंडक १९५६च्या विद्युत नियमांतच होता आणि आजही कायम आहे. परंतु घरमालकाकडे दाखल्यांची चळत मागणाऱ्यांनी या एका कागदाचा आग्रह धरल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

खोल्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना परवानाधारक ठेकेदाराचा विद्युत तपासणीचा दाखला अनिवार्य करावा आणि त्याच्या मोबदल्यात निरुपयोगी कागदांची निम्मी यादी रद्द करावी, अशी माझी शासनाला कळकळीची विनंती आहे. आणि घरमालकांनी तोवर वाट पाहू नये. पुढचे काम देताना ठेकेदाराचा परवाना क्रमांक त्याच्याच हस्ताक्षरात पावतीवर लिहून घ्यावा.