फायदा पहिल्या मालकाचा, भुर्दंड तिसऱ्याचा

मोटारीच्या जाहिरातीत इंजिनाच्या नावापुढे जी इंग्रजी अक्षरे चिकटवलेली असतात, त्यांचा अर्थ विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. विक्रेता ती एका दमात उच्चारतो, ग्राहक मान डोलावतो आणि संभाषण रंग, हप्ते व ‘ॲव्हरेज’ या अधिक ओळखीच्या विषयांकडे वळते. ‘व्हीव्हीटी’, ‘व्हीटेक’, ‘व्हीव्हीटी-आय’, ‘व्हीटीव्हीटी’ ही सारी एकाच कुळातील नावे. इंजिनाच्या झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ त्याच्या गतीप्रमाणे आणि त्याच्यावरील भाराप्रमाणे बदलण्याची जी योजना, तिची निरनिराळ्या कारखानदारांनी केलेली ही बारशी होत. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने यंत्रशास्त्रात लुडबूड का करावी, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर एवढेच की, एखाद्या यंत्रयोजनेचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तिचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नव्हे. आणि त्या खर्चाचा काही भाग गेल्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाच्याच माथी बसला आहे.

प्रथम यंत्राविषयी. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्रकारच्या झडपा असतात. एक ताजी हवा आत घेणारी, दुसरी जळालेला वायू बाहेर सोडणारी. कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावरील उंचवटे त्यांना क्रमाने दाबून उघडतात. हा दांडा साखळीने किंवा पट्ट्याने मुख्य दांड्याशी जोडलेला असून मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी नुसते धुगधुगत असते तेव्हा प्रत्येक झडप सेकंदाला सहा-सात वेळा उघडते. तेच ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० वेळा, आणि त्या वेळी ती उघडी राहण्याचा अवधी सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो.

महाविद्यालयात तास बदलण्याच्या वेळेचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढची अडचण चटकन उमगेल. वर्गाला दोन दारे आहेत. एका दाराने आधीच्या तासाचे विद्यार्थी बाहेर पडतात, दुसऱ्याने पुढच्या तासाचे आत येतात. सारेच घाईत असतील तर बाहेर जाणारे पुरते बाहेर पडण्यापूर्वीच आत येण्याचे दार उघडणे इष्ट, आणि धावत येणाऱ्यांसाठी ते घंटेनंतरही क्षणभर उघडे ठेवणे लाभाचे. पण सारे रेंगाळत असतील तर दोन्ही दारे एकदम उघडी ठेवल्याने जाणारे माघारी फिरतात, येणाऱ्यांत मिसळतात, कोणी आलेल्या दारानेच परत जातो आणि वर्ग काही सुरू होत नाही. इंजिनातील वायूंची हीच गत असते. वेगवान इंजिनाला जी वेळ मानवते ती संथ इंजिनाला थरथरायला लावते. संथ इंजिनाला जी मानवते ती वेगवान इंजिनाचा श्वास कोंडते. झडपांची वेळ कारखान्यातच कायमची ठरत असे तेव्हा अभियंत्यांना या दोहोंत तडजोड करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या प्रीमियर पद्मिनीने आणि ॲम्बॅसडरने सारे आयुष्य अशाच तडजोडीवर काढले.

ही तडजोड मोडण्याची कल्पना जुनी असली, तरी विक्रीच्या मोटारीत ती प्रथम अवतरली १९८० मध्ये, इटलीच्या आल्फा रोमेओ कंपनीच्या ‘स्पायडर’ या गाडीत. आणि तेही अमेरिकेतील धुराचे कडक नियम पाळता यावेत म्हणून. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९८९ मध्ये होंडाने आपल्या ‘इंटिग्रा’ गाडीत कमी व अधिक वेगांसाठी निरनिराळे उंचवटे वापरणारी योजना आणली आणि १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती काढून दाखवली. १९९० नंतरच्या दशकात बीएमडब्ल्यू, टोयोटा आदींनी दांडाच किंचित पुढे-मागे वळवण्याची रीत रूढ केली. भारतात ही योजना प्रथम महागड्या गाड्यांतून आली. २०११ मध्ये नव्या रूपातील मारुती स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनात ती आली, तेव्हा मध्यमवर्गाच्या अंगणात पोचली असे म्हणण्यास हरकत नाही.

तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. पुण्याहून साताऱ्याकडे परतताना चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढलेल्या कोणालाही ते पायाखाली जाणवतात. जुन्या गाडीत जिथे गिअर उतरवून इंजिनाला ओरडायला लावावे लागे, तिथे तेवढ्याच आकाराचे नवे इंजिन मुकाट्याने ओढत राहते. जळालेल्या वायूचा थोडा भाग हेतुपूर्वक आतच राखल्यास ज्वलनाचे तापमान उतरते व नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी निर्माण होतात; हे कामही झडपांची वेळ बदलून साधते. आत घेणारी झडप मुद्दाम उशिरा मिटवली की इंधनाची बचत होते. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० नंतरच्या दशकात वेगळ्या मार्गाने जे साधू पाहिले होते, तेच आजच्या पेट्रोल-विजेवरील संकरित गाड्या याप्रकारे साधतात.

आता पैशांचा हिशेब. नुसत्या या योजनेमुळे पेट्रोलची बचत किती होते, याविषयीचे अंदाज सामान्यतः एक ते पाच टक्क्यांच्या दरम्यान असतात. आपण तीन धरू. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी वर्षाकाठी सुमारे ६६७ लिटर पेट्रोल पिते. त्याचे तीन टक्के म्हणजे २० लिटर. लिटरचा भाव १०० रुपये धरल्यास वर्षाला २,००० रुपये, महिन्याला दीडशेहून थोडे अधिक. शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरात ही रक्कम अगदीच क्षुल्लक नाही. पण तिच्यासाठी कोणी मोटार बदलणार नाही. राष्ट्राच्या पातळीवर मात्र चित्र पालटते. या देशात वर्षाला ४० लाखांहून अधिक प्रवासी मोटारी विकल्या जातात आणि लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण परदेशातून आणतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २० लिटरना लाखांनी गुणले म्हणजे ही बचत देशाच्या नजरेत भरण्याजोगी होते. (इंधन वाचले की माणूस अधिक प्रवास करतो व बचतीचा काही भाग परत जळतो, हे जेव्हन्सने १८६५ मध्येच कोळशाच्या संदर्भात दाखवले होते. पण शहरातील कोंडी पाहता आपल्याकडे अधिक प्रवास करण्यास रस्ताच उरलेला नाही!)

कारखानदार ही योजना बसवतात ती मात्र ग्राहकाच्या २,००० रुपयांच्या कळवळ्याने नव्हे. एका कंपनीच्या साऱ्या गाड्यांचे सरासरी कार्बन उत्सर्जन किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आत हवे, असा नियम २०१७-१८ पासून आला. २०२२-२३ पासून ती मर्यादा ११३ ग्रॅमवर, म्हणजे पेट्रोलच्या भाषेत लिटरला साधारण वीस-एकवीस किलोमीटरवर आली. मध्यंतरी १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाचे धूरनियम लागू झाले. आल्फा रोमेओला १९८० मध्ये जे करावे लागले, त्याच कारणाने आज साऱ्यांना करावे लागते. नियम सार्वजनिक हिताचे आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. परंतु नियम मोजतात ती नवी गाडी, प्रयोगशाळेतील रुळांवर चालणारी. तीच गाडी अकराव्या वर्षी कशी चालते, हे कोणी मोजत नाही. पीयूसीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन पाहतात. झडपांच्या बिघाडाचा तिथे पत्ताही लागू नये असे सहज घडू शकते.

आणि दोष नेमका अकराव्या वर्षी उघडा पडतो. कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेली चपटी डबी, तिच्यात पाती, पात्यांच्या दोन्ही अंगांना इंजिनाचेच तेल, आणि ते तेल या अंगाला सोडायचे की त्या, हे ठरवणारी विजेवरची छोटी झडप असा या योजनेचा गाभा आहे. म्हणजे सारा डोलारा तेलावर उभा. तेल ठरावीक पातळपणाचे हवे, स्वच्छ हवे आणि वेळच्या वेळी बदललेले हवे. तेलात गाळ साचला की छोट्या झडपेची जाळी तुंबते. डबीतील अटकावाची खीळ झिजली की सकाळी गाडी सुरू करताच दोन-तीन सेकंद खडखडाट होतो. पद्मिनीच्या इंजिनाला या गोष्टींची क्षिती नव्हती. पत्र्याच्या गेजने टॅपेट लावून देणारा मेस्त्री कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटे, आणि तेल थोडे जाड वा जुने असले तरी गाडी कुरकुरत का होईना, चालत राही.

माझी गाडी मी दीड वर्षापूर्वी घेतली तेव्हा ती साडेनऊ वर्षांची होती. मी तिचा तिसरा मालक. पहिल्याने पाच वर्षे वापरली, सर्व्हिस-पुस्तिकेत त्याच्या काळातील सारे शिक्के आहेत. दुसऱ्याच्या साडेचार वर्षांतील पाने कोरी. गेल्या जुलैत सकाळचा खडखडाट सुरू झाला, मग इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आमच्या मेस्त्रींनी तेलाचे टोपण उघडून बोटावर तेल घेतले आणि म्हणाले, “सर, यात कोणीतरी वीस-चाळीसचं जाड तेल ओतत आलंय. जुन्या गाडीला जाड तेल बरं, असं आम्हीही म्हणायचो. या इंजिनाला ते चालत नाही.” जाळी साफ करून पाहू, असे त्यांचे मत होते, पण दोष नेमका कुठे आहे हे सांगणारे संगणकयंत्र त्यांच्यापाशी नव्हते. अधिकृत सेवाकेंद्रापाशी ते होते, आणि त्याने डबी, साखळी, छोटी झडप असे सगळेच बदलण्याचा निर्णय दिला. भाग येण्यास तीन आठवडे लागले. बिल झाले २३,००० रुपये.

वरच्या हिशेबाने या गाडीने अकरा वर्षांत वाचवलेले पेट्रोल सुमारे २२,००० रुपयांचे. म्हणजे एका दुरुस्तीने आयुष्यभराची बचत गिळली. पण खरी गोम निराळीच आहे. त्या २२,००० पैकी १०,००० पहिल्या मालकाने घेतले, ९,००० दुसऱ्याने, आणि माझ्या वाट्याला ३,००० आले. बिल मात्र सबंध माझे. स्वस्त तेल ओतून दुसऱ्या मालकाने जे चार पैसे वाचवले तेही माझ्याच खात्यातून गेले.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध आम्ही पदव्युत्तर वर्गांना शिकवतो. विकणाऱ्यास गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून चांगल्या गाडीलाही चांगली किंमत येत नाही आणि चांगल्या गाड्या बाजारातून उठून जातात, हा त्याचा मथितार्थ. दोष जितका खोल दडलेला, तितकी ही विषमता मोठी. पद्मिनीचे इंजिन ऐकून कळत असे. आजच्या इंजिनाला नऊ वर्षांत कोणते तेल पाजले, हे कानाला कळत नाही. (हा निबंध वीस वर्षे शिकवणाऱ्याने कोऱ्या पानांची पुस्तिका असलेली गाडी घ्यावी, यावर आमच्या स्टाफरूममध्ये व्हायची ती चर्चा झाली.)

यावर, हे सारे टाकून साध्या इंजिनाकडे परत जावे, असे म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. साधे इंजिन अधिक पेट्रोल पीत होते, अधिक धूर ओकत होते, आणि त्याचा खर्च रस्त्याने पायी जाणाऱ्यांच्या फुप्फुसांवर पडत होता. तो बिलात दिसत नसे एवढेच. विजेच्या गाडीला झडपाच नसतात, तेव्हा हा वाद लवकरच शिळा होईल, असेही म्हटले जाते. होईलही. परंतु आज विकल्या जाणाऱ्या पेट्रोल गाडीची पहिली नोंदणीच १५ वर्षांची असते, आणि पगारदार माणसाच्या दारात ती सहाव्या-सातव्या वर्षानंतर येते.

तेव्हा प्रश्न उरतो तो भुर्दंड वाटून घेण्याचा. ही योजना जर धूरनियम पाळण्यासाठी बसवली जाते, तर तिची हमीही त्या नियमांच्या मापाने का असू नये? अमेरिकेत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक नळकांडे आणि इंजिनाचा संगणक यांची हमी ८ वर्षे किंवा ८०,००० मैल अशी कायद्यानेच घातलेली आहे. झडपांची डबी त्याच पंक्तीला बसवण्यास आपल्याकडे तात्त्विक अडचण दिसत नाही. ठरलेले तेल वापरल्याची नोंद नसेल तर हमी नाही, अशी अट कारखानदाराने जरूर घालावी. त्या अटीमुळे मधला मालकही पुस्तिका कोरी ठेवणार नाही, कारण कोऱ्या पुस्तिकेची किंमत त्याला विक्रीच्या दिवशीच मोजावी लागेल.

दुसरी गोष्ट मेस्त्रींच्या हाती नसलेल्या संगणकयंत्राची. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे अपिले झाली, वर्षे गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ उघडले; त्यात मोटारींचाही समावेश आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये केले तसे, ही माहिती व साधने वाजवी किमतीस देण्याचे कायदेशीर बंधन मात्र आपण घातलेले नाही. कंपन्यांच्या स्वेच्छेवर चालणारे संकेतस्थळ आमच्या मेस्त्रींच्या उपयोगाचे नाही. जाळी साफ करून भागले असते की नाही, हे २३,००० रुपये देण्यापूर्वी त्यांना तपासता आले असते, एवढे तरी व्हावयास हवे होते.

जुने काढलेले भाग मी मागून घेतले. मेस्त्रींनी ती छोटी झडप पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासली, बॅटरीच्या दोन तारा तिला लावल्या. ती टक् टक् करून व्यवस्थित उघडत-मिटत होती.