खिशातील चाकू

पावसाळा सरत आला होता. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रागारातून बाहेर येतो तो दारात आमच्या धर्मग्रामातील एक माउली उभी. पदराखाली काही झाकलेले. ते आमच्या हाती देऊन ती म्हणाली, "फादर, ह्याला आशीर्वाद द्या, नाहीतर विहिरीत टाका. आपणांला बरे दिसेल ते करा. पण माझ्या घरात हे नको."

पुठ्ठ्याची पेटी उघडली. आत काळ्या रंगाचा घडीचा चाकू, पात्याचा अर्धा भाग करवतीसारखा दातेरी. जाड दोरीचे विणलेले कंकण. धातूचे टोकदार पेन. आणि बोटाएवढी विजेरी. हा सारा संच तिच्या धाकट्याने मोबाइलवरून मागविला होता. मुलगा दुधाच्या गाडीवर जातो व रात्री उशिरा एकटा परततो. फेस्ताच्या रात्री दोन वाड्यांच्या मुलांत बाचाबाची झाली तेव्हा त्याचा हात खिशाकडे गेलेला आईने पाहिला. हात रिकामाच बाहेर आला, ही देवाची कृपा. (हे आम्हांस पापनिवेदनात नव्हे, दारात सांगितले गेले, आणि येथे लिहिण्यास मायलेकरांची दोघांचीही संमती आहे.)

आशीर्वाद की विहीर? आम्ही दोन्ही केले नाही. पेटी मेजाच्या खणात ठेवली आणि मुलाला संध्याकाळी बोलावून घेतले.

वाचकहो, घराबाहेर पडताना चार उपयोगी वस्तू जवळ ठेवण्याची चाल आजची नव्हे. आमचे आजोबा चंचीत पानसुपारीबरोबर अडकित्ता बाळगीत. चकमक, पोलादाचा तुकडा व कापूस असला की अंधाऱ्या रानात विस्तव सिद्ध. रानात जाणारा गडी आजही कमरेमागे आकड्यात कोयता अडकवितो. त्यास कोणी भीत नाही, कारण तो कशासाठी आहे हे सर्वांस ठाऊक असते.

ह्याहूनही जुनी एक यादी आमच्या संतपरंपरेत आहे. सहाव्या शतकात संत बेनेदिक्ताने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या पंचावन्नाव्या अध्यायात मठाधिपतीने प्रत्येकास काय काय द्यावे ते सांगितले आहे: वस्त्रे व पायताणे, शिवाय कमरपट्टा, सुरी, लेखणी, सुई, रुमाल आणि लिहिण्याच्या पाट्या. देण्याचे कारणही तेथेच आहे: कोणास गरजेची सबब सांगता येऊ नये. म्हणजे सुरी ही सुईच्या व रुमालाच्या पंक्तीत बसली आहे. परंतु बाविसाव्या अध्यायात तोच संत आज्ञा करतो की, मठवासीयांनी कमरपट्टा बांधून निजावे, सुरी मात्र कमरेला ठेवू नये. न जाणो, झोपेत इजा व्हायची. चौदाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण सुरीविषयी इतके व्यवहारी बोलणे आम्ही अन्यत्र वाचले नाही.

त्या मुलाला आम्ही हे सांगितले. तो म्हणाला, "फादर, हा लष्करी पद्धतीचा आहे." तेव्हा आम्हांस लष्कराच्याच चाकूची गोष्ट सांगणे भाग पडले. स्वित्झर्लंडच्या श्वीत्स प्रांतातील कार्ल एल्सनर ह्या कारागिराने १८८४ साली कारखाना काढला व १८९१ पासून तो सैनिकांना घडीचे चाकू पुरवू लागला. त्यात काय होते? एक पाते, डबा उघडण्याचे हत्यार, भोक पाडण्याचा टोच्या, आणि बंदुकीचे भाग सुटे करण्यासाठी पेचकस. शत्रूवर चालवावे असे त्यात काहीच नव्हते. सैनिकाने जेवावे व बंदूक साफ करावी एवढाच त्याचा हेतू. १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी निघालेल्या हलक्या चाकूत बूच काढण्याचा स्क्रूही आला. जगप्रसिद्ध तांबड्या मुठीच्या चाकूचा वंश तो हाच. मुलगा किंचित हसला.

आता घ्यायचा झाल्यास कोणता घ्यावा? अडीच-तीन इंचांचे साधे, सरळ धारेचे पाते गावकामास पुरते. दोर कापणे, पोत्याचे तोंड उघडणे, कलम करणे, पेरू चिरणे, ह्यापलीकडे खिशातल्या चाकूला काम नसते. नारळ व फांद्या ह्यांसाठी कोयता आहेच. दातेरी धार ओल्या दोराला बरी, पण घरच्या दगडावर तिला पुन्हा धार येत नाही. पाते उघडल्यावर पक्के अडकून राहावे. नाहीतर जोर देताच ते मिटते आणि आपल्याच बोटावर येते. जुन्या पोलादास धार लवकर चढते, पण आमच्या पावसात ते गंजते व लिंबू-कैरीने काळे पडते. कापल्यावर पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरविले की झाले. न गंजणारे पोलाद निष्काळजी माणसास सोयीचे. आणि ज्यांना वाटते की बोथट चाकू निर्धोक, त्यांनी एकदा बोथट सुरीने भोपळा कापून पाहावा: जोर जास्त लागतो, हात निसटतो.

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल ह्याने १८९० साली लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू घडविला, तो आजही निघतो. १९५५ पासून त्याच्या मानेशी फिरती कडी बसविली जाते. ती फिरविली की पाते पक्के. त्याच्या पात्यावर मुकुट व आशीर्वाद देणारा हात अशी खूण असते. तो हात सेंट जाँ द मोरियेन ह्या गावच्या चिन्हावरून घेतला आहे. तेथील कॅथीड्रलात संत योहान बाप्तिस्मा ह्यांच्या बोटांचे अवशेष जतन केले आहेत. चाकूला आशीर्वाद मागणाऱ्या त्या माउलीस हे ऐकून बरे वाटले.

परंतु एवढा लांबचा माल हवाच असे नाही. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून गावचा लोहार उत्तम पाते काढून देतो, आणि त्याची भट्टीही चालू राहते.

कायद्याविषयी थोडे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात केवळ घरकामाची व शेतीची अवजारे शस्त्रांत धरलेली नाहीत. इतर चाकूंच्या बाबतीत त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांच्या यादीत आहे. काही ठिकाणचे नियम ह्याहून कडक आहेत. निवडणुकीच्या वा दंग्याच्या दिवसांत हत्यारे बाळगण्यास मनाईचे हुकूमही निघतात. आणि आखाताला जाणाऱ्या मुलांनो, चाकू मोठ्या सामानात टाका. हातातल्या पिशवीत सापडला तर विमानतळावरच राहील.

"पण रात्री कोणी अडविले तर?" हा मुलाचा खरा प्रश्न होता, व तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही त्यास गेथशेमानी बागेची आठवण दिली. संत पेत्राने तरवार उपसली. एका दासाचा कान गेला. रक्षण कोणाचेच झाले नाही, आणि तो कान प्रभूलाच बरा करावा लागला. अंधारात दोघे झटापट करीत असता चाकू कोणाच्या हातात राहील हे काढणारा सांगू शकत नाही. पळ काढणे, ओरडणे, गाडी चालू ठेवणे, पैसे मागितले तर देऊन टाकणे, ह्यात लाज नाही.

त्या संचात खरी कामाची वस्तू एकच होती, ती विजेरी. आमच्या बांधांवर रात्री माणसापेक्षा घोणशीचे भय अधिक. आणि येथे एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो: सर्पदंश झाला तर खिशातला चाकू काढू नका. जखम चिरून रक्त काढणे, तोंडाने ओढणे, दोरीने अवयव करकचून आवळणे, ह्या जुन्या समजुतींनी अपायच होतो. रोग्यास धीर द्या, अंगठी व पैंजण काढा, दंश झालेला हात वा पाय लाकडाच्या पट्टीने स्थिर करा, त्यास चालवू नका, आणि जेथे प्रतिविष मिळते त्या रुग्णालयात तत्काळ न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चारही सर्पांवर एकच प्रतिविष आपल्या देशात तयार होते. ते आपल्या जवळ कोठे मिळते ह्याची चौकशी आजच करून ठेवा.

मुलगा विजेरी घेऊन गेला. पुढच्या रविवारी त्याच्या खिशात लोहाराने केलेला बोटभर चाकू होता. दुधाच्या पिशव्यांची गाठ सोडविण्यास बरा, असे तो म्हणाला. काळा चाकू अद्याप आमच्या खणात आहे. त्याने एकदा पाव कापून पाहिला. निम्मा चुरा झाला.