वसतिगृहातील वाढपी पोर कोणाचे?

दहावीचा निकाल लागला की आमच्या खेड्यांतून शहराकडे दोन प्रकारची पोरे निघतात. एकाच्या हाती ट्रंक व गुणपत्रिका असते. दुसऱ्याच्या हाती पिशवीत कोंबलेले दोन कपडे. पुष्कळदा ही दोन्ही पोरे एकाच वसतिगृहाच्या दारात उतरतात. पहिला वरच्या मजल्यावरील खोलीत जातो, दुसरा स्वयंपाकघरामागच्या कोठीत. पहिला ताटावर बसतो, दुसरा त्यास वाढतो. वय दोघांचेही सोळा, बाप दोघांचेही शेतकरी. पहिल्याची हजेरी घेणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्याची कोणीच घेत नाही, म्हणून त्याच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस जरूर वाटते.

प्रथमच सांगून टाकतो की, पोर कामाला लागले याचे आम्हांस मुळीच दुःख नाही. कणीक मळणे, भाजी चिरणे, भांडी घासणे यांत कमीपणा तो कसला? आमच्या आयाबहिणींनी जन्मभर तेच केले, आणि त्यांच्याच हातचे खाऊन आम्ही गुरुजी झालो. आमची तक्रार निराळी आहे. पोराच्या हाती झारा देताना त्याच्या हातचे पुस्तक कोणी काढून घेतले, एवढेच आम्ही विचारीत आहो.

एक उदाहरण देतो. गाव व संस्था यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण असे पोर गावोगाव आहे. आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी गणितात थोडक्या गुणांनी राहिला. त्याच साली घरची विहीर आटली. ओळखीच्या आचाऱ्याने त्यास शहरातील एका वसतिगृहाच्या मेसमध्ये लावून दिले. बापाने ठेकेदाराकडून उचल घेतली व ती बियाणे आणि किराण्याच्या उधारीत गेली. पोराचा दिनक्रम ऐका. पहाटे पाचला उठून चहाचे आधण ठेवावयाचे, मग नाश्त्याचे पोहे, मग भाजी आणि कणीक, मग दुपारची पंगत, मग खरकट्या ताटांचा ढीग. डोळा लागतो न लागतो तोच संध्याकाळची कणीक. रात्रीची पंगत साडेसातास बसे आणि शेवटचे पातेले घासून होईतो अकरा वाजत. जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरावयाचा तो राहूनच गेला. दिवाळीस घरी आला तेव्हा आम्ही विचारले, "बाळ, पुस्तक उघडतोस काय?" तो म्हणाला, "गुरुजी, दिव्याखाली बसलो की मालक म्हणतो, वीज काय तुझ्या बापाची आहे?"

वाचकहो, वीज बापाची नव्हे हे खरे. पण वसतिगृह कोणाच्या बापाचे होते, ते एकदा आठवून पाहा. १९०१ साली कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले. मागोमाग त्या शहरात जैन, मुसलमान, लिंगायत अशा अनेक समाजांची बोर्डिंगे निघाली; १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९२५ साली सोलापुरास बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह उघडले. एवढा खटाटोप कशासाठी? खेड्यातील पोराला शहरात पाठ टेकावयास जागा नव्हती आणि भाकरीची सोय नव्हती, म्हणून. ज्याच्याजवळ काही नाही त्याला शिकता यावे, हाच या घरांचा पाया. त्या पायावर उभ्या असलेल्या घरात आज तसलेच पोर खरकटे काढते आणि अंधारात झोपते, हा न्याय कोठला?

कोणी म्हणतील, भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातही पोरे कामच करीत होती. होय, करीत होती; आणि आमचा सगळा मुद्दा तेथेच आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली ती साताऱ्यास आली. तेथल्या बोर्डिंगास १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव मिळाले. त्या घरात सर्व जातींची मुले आपला स्वयंपाक आपणच करीत, एका पंगतीस जेवीत, शेतात राबत आणि अभ्यासास बसत. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते 'कमवा आणि शिका' या रीतीवरच. तेथे वाढणारा आणि जेवणारा निराळा नव्हता. आज ज्याची पाळी वाढण्याची, उद्या तो ताटावर. आणि काम संपले की प्रत्येकाच्या हाती पुस्तक येई. त्या रीतीतून शिकणे वगळले आणि कमावणे तेवढे ठेवले, तर उरतो तो ठेकेदार. त्याला कर्मवीरांचे नाव देऊ नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आमच्या लोकांस कायदा ठाऊक नसतो आणि ठेकेदारास तो ठाऊक असावा अशी कोणाची इच्छा नसते. बालकामगारांविषयी १९८६ सालचा कायदा आहे व २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील पोरास अशा नोकरीस ठेवताच येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या पोरास धोक्याच्या कामावर लावता येत नाही. खाणावळीसारख्या इतर ठिकाणी लावले, तर सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नको, मध्ये तासाभराची विश्रांती हवी, आणि विश्रांती धरून सगळे मिळून दिवसाचे सहा तास. आठवड्यास एक सुटी. कामावरील अशा पोरांची जन्मतारीख व कामाचे तास लिहिलेली नोंदवही धन्याने ठेवावयाची. आणि संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत त्याच्याकडून काम घ्यावयाचे नाही. म्हणजे सकाळचा चहा आणि रात्रीची पंगत या दोन्ही वेळा त्या पोराच्या आहेत, मेसच्या नव्हेत. आमच्या वरील विद्यार्थ्याचा दिनक्रम या कलमांशेजारी ठेवून पाहा. एकही कलम शाबूत राहत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की, 'घरी उपाशी राहण्यापेक्षा येथे दोन वेळा खातो ना!' हे उत्तर देणारा गृहस्थ स्वतःच्या पोरासाठी तेच खाणे पत्करील काय? गरज आहे म्हणून पोर आले. पण त्याची गरज हा धन्याचा परवाना नव्हे.

तेव्हा ज्याचे त्यास स्पष्ट सांगतो. वसतिगृहांच्या चालकांनो, मेस ठेक्याने दिली म्हणून जबाबदारी ठेक्याने जात नाही. करारात लिहून घ्या की, अठरा वर्षांखालील कामकऱ्यास कायद्याचे तास, दरमहा त्याच्याच बँक खात्यात पगार, आणि रात्री अभ्यासिकेत एक खुर्ची मिळेल. एका खुर्चीने संस्थेचे दिवाळे निघत नाही. वरच्या मजल्यावरील विद्यार्थ्यांनो, आपले ताट आपण उचला, आपली वाटी आपण धुवा. वाढणाऱ्यास 'ए' म्हणून हाक न मारता नावाने मारा, आणि तुमचे गेल्या सालचे गणिताचे पुस्तक त्याला द्या.

आईबापांनो, पोराच्या नावावर उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत पोर अडकते, आणि फिटेपर्यंत त्याचे शिकण्याचे वय निघून जाते. पोरींच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा. पोळ्या लाटावयास गेलेल्या पोरीचे शिक्षण सुटले, तर ते पुन्हा सुरू करा म्हणून सांगावयास कोणी येत नाही.

आणि शिक्षकबंधूंनो, हे काम आपलेही आहे. शाळा सोडल्याचा दाखला दिला म्हणजे पोर आपले नाही, असे नव्हे. दहावीत राहिलेल्या विषयाचा फॉर्म जुन्या शाळेतूनच भरता येतो. बारावीस बाहेरून बसू इच्छिणाऱ्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. या गोष्टी कामावर गेलेल्या पोरास कोण सांगणार? फुले दांपत्याने १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा उघडली. दमलेल्या माणसासही शिकावेसे वाटते, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या हाती निदान एक फोन आहे. फॉर्मची तारीख येण्याआधी तो करावा, आणि पोर कामावर असेल तर त्याच्या धन्याशीही बोलावे.

पहिल्या नोकरीत पोर जे शिकते ते जन्मभर पुरते. काम केल्यावर दाम मिळतो, धनी माणसासारखा वागवतो आणि आपल्यालाही पुढे जाता येते, हे ते शिकेल. किंवा आपला जन्म दुसऱ्याचे ताट उचलण्यासाठीच आहे, हे शिकेल. यांपैकी कोणता धडा आमच्या पूर्वजांच्या नावाने उभ्या असलेल्या घरांत द्यावयाचा, हे त्या घरांच्या चालकांनी येत्या जूनमध्ये मेसचा करार करण्यापूर्वी ठरवावे.

— एक खेडेगावचा शिक्षक