ज्वराचे पहिले दोन दिवस

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली आणि स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी म्हणून त्या मृत्यूची नोंद झाली. त्यानंतरचे दिवस पुणेकर व पिंपरी-चिंचवडकर विसरले नसतील. शाळा, महाविद्यालये आणि चित्रपटगृहे बंद झाली. तपासणीसाठी नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. पुढे १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. परंतु विषाणू गेला नाही. २०१५ साली त्याने महाराष्ट्रात शेकडो बळी घेतले. आता तो नेहमीच्या हंगामी तापात मिसळून गेला आहे. पावसाळा तोंडावर आला असता त्याची आठवण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या रोगाविषयी अज्ञान मात्र अद्याप कायम आहे. नावात डुक्कर असले तरी हा रोग पसरतो तो माणसाच्या खोकण्या-शिंकण्यातून. पिंपरीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या रूपाने देशास पेनिसिलिन दिले, याचा आम्हांस अभिमान आहे. पण विषाणूवर पेनिसिलिनची मात्रा चालत नाही, आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी हा ताप उतरत नाही. बहुतेक रोगी विश्रांती, पाणी व साध्या औषधांनी बरे होतात. गर्भवती, वृद्ध, लहान मुले, मधुमेही व हृदयविकारी यांनी मात्र तत्काळ वैद्याकडे जावे. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा ग्लानी येणे ही तर रुग्णालय गाठण्याचीच लक्षणे होत. ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक गुणकारी ठरते.

हे ४८ तास खऱ्या अर्थाने कोणाच्या हाती आहेत, हाच आमच्या मते मुख्य प्रश्न होय. सुखवस्तू वाचक अंगात कणकण येताच रजेचा अर्ज धाडतो. चाकण-भोसरीतील ठेकेदाराच्या कामगाराचे काय? खाडा झाला की रोज बुडतो. दोन-चार खाडे झाले की नोकरीच जाते. म्हणून तो तापाची गोळी घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढतो, भोजनगृहात इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवतो, आणि खराबवाडी किंवा म्हाळुंग्याच्या ज्या खोलीत चार-पाच जण दाटीने राहतात तेथे रात्री परततो. रोग्याने घरी बसावे, हा उपदेश त्यास करणे म्हणजे उपाशी माणसास पथ्य सांगणे होय.

राज्य कामगार विमा योजनेत आजारी कामगारास वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळण्याची सोय आहे, हे खरे. परंतु ज्याचे नावच नोंदले नाही, त्यास तिचा उपयोग नाही. शिवाय आजाराचे पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळण्याची प्रथा या योजनेत चालत आली आहे. लबाडीला आळा घालण्यास ती कदाचित उपयोगी असेल. पण औषध सर्वांत गुणकारी आणि संसर्ग अतितीव्र असण्याचे दिवस नेमके तेच! नियमाने कामगारास जेव्हा कामावर ढकलावे, तेव्हाच रोगाने त्यास अंथरुणावर पाहावे, असा हा विपरीत योग आहे.

आमची मागणी अवाजवी नाही. साथीच्या हंगामात ताप असलेल्या कामगारास, मग तो कायम असो वा ठेकेदाराचा, पहिल्या दिवसापासून भरपगारी रजा कारखान्यांनी द्यावी. ताप औषधाविना चोवीस तास उतरलेला असल्याखेरीज त्यास कामावर घेऊ नये. आणि वर्षास एकदा टोचावयाची लस पावसाळ्यापूर्वी कारखान्याच्या दारातच उपलब्ध करावी, कारण तिचा प्रभाव दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. महानगरपालिकेने व औद्योगिक संघटनांनी यासाठी पुढाकार घ्यावा.

खर्चाचा प्रश्न उपस्थित होईल. एका कामगाराची दोन दिवसांची मजुरी अधिक, की एका पाळीतील वीस जणांचा ताप अधिक, हा हिशेब यंत्रांचा क्षण न् क्षण मोजणाऱ्या कारखानदारांस आम्ही शिकवावा असे नाही. आग लागल्यावर विहीर खणण्याचा अनुभव आपण २००९ साली घेतला आहे. तो पुन्हा घेण्याचे कारण नाही.