पुस्तकांची गर्दी आमची, दुकान कुणाचे?

२००७ च्या ऑक्टोबर महिन्यात सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुणांनी बंगळूरमध्ये इंटरनेटवरून पुस्तके विकण्याचा धंदा सुरू केला. दोघे चंदीगडचे, दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले, ॲमेझॉनमध्ये नोकरी केलेले. आडनाव एकच, नाते मात्र नाही. गाठीला चार लाख रुपये. पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभे राहून त्यांनी आपल्या नावाच्या पट्ट्या वाटल्या, स्वतः पार्सले पोहोचवली. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने त्यांच्या फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला. ही कथा आता आमच्या वस्तीतील पोरांनाही पाठ आहे. जिद्द असेल तर कुणीही करू शकतो, असे तात्पर्य तिला जोडून दिले जाते.

त्यांचे कष्ट आम्ही नाकारत नाही. पण त्या चार लाखांकडे जरा नीट पाहू या. आमच्या घरातला पहिला इंजिनीअर नोकरीला लागतो तेव्हा त्याच्या पगाराला किती वाटा फुटतात? बहिणीचे लग्न, गावच्या घरावरचे पत्रे, धाकट्याची फी, बापाने त्याच्या शिक्षणासाठी घेतलेले हातउसने. असा मुलगा नोकरी सोडून धंदा करतो म्हणाला, तर आईच्या पोटात गोळा येतो. त्या माऊलीचे काय चुकले? फ्लिपकार्टला २००९ साली ॲक्सेल या गुंतवणूकदार कंपनीने दहा लाख डॉलर दिले. पुढे वर्षानुवर्षे तोटा होत राहिला आणि पैसा येतच राहिला. आमच्या पोराचा एक हंगाम बुडाला की सावकार दारात उभा.

काही विद्वान म्हणतात, इंटरनेटवर जात कोण विचारतो? गिऱ्हाईक विचारत नाही, हे मान्य. पण उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी, गोदामाचा गाळा देणारा मालक आणि बँकेचा मॅनेजर यांना आडनाव वाचता येते. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारासंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली. ज्ञान तेच, सल्ला तोच, पण जात आडवी आली. २००५ च्या आर्थिक गणनेतही देशातील उद्योगांपैकी अनुसूचित जातींच्या मालकीचे दहा टक्केही भरले नाहीत. लोकसंख्येत वाटा मात्र सोळा टक्क्यांच्या वर!

सरकारने २०१६ साली स्टँड अप इंडिया योजना काढली. प्रत्येक बँक शाखेने अनुसूचित जाती-जमातींतील किमान एकाला आणि एका महिलेला दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज द्यायचे होते. मार्च २०२५ मध्ये योजनेची मुदत संपली. तुमच्या गावच्या शाखेने त्या नऊ वर्षांत आपल्यापैकी कुणाला कर्ज दिले, हे समाजबांधवांनी आता तरी विचारायला हवे. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुन्हा नवी योजना जाहीर झाली आहे. पहिल्यांदाच उद्योग करणाऱ्या पाच लाख महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दोन कोटींपर्यंत कर्ज! तिचा हिशेब तरी शाखेगणिक मागितला पाहिजे.

चार कोटीधीश निर्माण झाले म्हणजे जातिअंत झाला, असे मानणाऱ्यांतले आम्ही नाही. आज पाठीवर पिशवी घेऊन इमारतींचे जिने चढणाऱ्यांत आमची कितीतरी पोरे आहेत. त्यांच्या मजुरीचा, अपघाताचा प्रश्न मालकाची जात बदलल्याने सुटणार नाही. तरीही एक गोष्ट आम्हाला गप्प बसू देत नाही.

बन्सलद्वयीला वाचक शोधत रस्त्यावर उभे राहावे लागले. आमचा वाचक तर दरवर्षी आपल्या पायांनी चालत येतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, शिवाजी पार्कच्या मैदानात, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर. मजूर बाई पदराची गाठ सोडून पोरासाठी बाबासाहेबांचे चरित्र घेते. पुस्तकांचा असा बाजार या महाराष्ट्रात दुसरा कोणता आहे? आणि आमचा पुस्तक विक्रेता दोन-तीन दिवसांनी मंडप गुंडाळतो, उरलेली पुस्तके गोणीत भरतो. फेब्रुवारीत किनवटच्या किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या मुलीला तेच पुस्तक हवे असेल, तर ते तिने कुठून आणावे?

आमच्यात संगणक शिकलेली मुले आहेत, प्रकाशक आहेत, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था आहेत. पतसंस्थांनी लग्नासाठी आणि घरासाठी कर्ज द्यावेच. पण त्यांच्या येत्या वार्षिक सभेत कुणीतरी उठून हा विषयही मांडावा. दहा-बारा प्रकाशकांची एक सामाईक यादी, एक गोदाम, पार्सल बांधणारी चार माणसे आणि पहिली दोन वर्षे तोटा झाला तरी दार न ठोठावणारे कर्ज. एवढ्यावर सुरुवात होते. पुढच्या ६ डिसेंबरला मंडप गुंडाळण्यापूर्वी विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांचे पत्ते लिहून घेतले, तरी पहिली वही तयार होईल.