पावसाळ्याआधी घराची पॉलिसी काढा

पुराचा विमा म्हणून वेगळी पॉलिसी आपल्याकडे घरमालकाला सहसा विकत मिळत नाही. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत झाली आहे की पुराचा विमा निघतच नाही. तो निघतो. घराच्या साध्या विम्यातच सहसा पूर धरलेला असतो, आणि ज्यांच्या उंबऱ्याला पाणी लागून गेलं आहे अशा लोकांनाही हे ठाऊक नसतं. कोल्हापूर, सांगली, शिरोळ, चिपळूण, महाड, पुण्यातला सिंहगड रस्ता, सोलापूर जिल्ह्यातला सीनाकाठ, इथल्या प्रत्येक घरमालकाला माझी कळकळीची विनंती आहे: घर शाकारायच्या, पन्हळी साफ करायच्या दिवसांतच हे एक काम उरकून घ्या. पाणी चढू लागल्यावर काढलेली पॉलिसी त्या पुराला उपयोगी पडत नाही.

सरकारची मदत मिळते, मग विमा कशाला, असं बरेच जण विचारतात. मदत मिळते आणि ती हक्काने घ्यावी. पण तिचे आकडे एकदा नीट बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायच्या मदतीचे केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी जे निकष ठरवले, त्यांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. घराची पडझड अंशतः झाली, म्हणजे निदान १५ टक्के, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५००, भांड्यांसाठी २,५००. राज्य सरकार कधीकधी यात वरून भर घालतं. तरीसुद्धा मुख्य अडचण राहतेच. पुरात बहुतेक पक्की घरं पडत नाहीत. ती उभी राहतात आणि आतून नासतात. गिलावा फुगतो, दारं चौकटीत बसेनाशी होतात, वायरिंग जातं, फरशीखालची भर खचते, फ्रिज आणि वॉशिंग मशीन चिखलाने भरतात. असं घर पुन्हा राहतं करायला लाखांत पैसे लागतात, आणि सरकारी निकषांत ते फार तर ‘अंशतः’ या रकान्यात बसतं. ही मधली खाई विम्यानेच भरून निघू शकते.

दुसरं उत्तर असतं, आमच्याकडे पाणी येत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ साली नदी ५५ फुटांच्या वर गेली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ती ५६ फुटांच्या वर गेली. त्याच आठवड्यात वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली आणि सावित्रीने महाड. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो: २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. १०० वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता. एकदा येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुटका झाली असं नाही. आणि २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीपासून लांब राहणाऱ्यांच्या घरांतही पाणी शिरलं होतं.

आता मुख्य गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक इर्डाईने सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एक ठरावीक पॉलिसी विकणं बंधनकारक केलं होतं. तिचं नाव ‘भारत गृह रक्षा’. कंपनी सरकारी असो की खासगी, मूळ अटी त्याच. हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबून घर जलमय होणं, दरड कोसळणं, जमीन खचणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, दंगल हे सगळं तिच्यात येतं. असा प्रसंग घडल्यापासून ७ दिवसांच्या आत त्यापायी चोरी झाली, तर तीही येते. पुरात घर सोडून शाळेत किंवा पाहुण्यांकडे जाऊन राहिलेल्यांना या कलमाचं मोल सांगायला नको. कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या लोकांनी दरडीचं कलमही लक्षात ठेवावं. महाड तालुक्यातलं तळिये ज्या दरडीखाली गेलं, ती २२ जुलै २०२१ च्याच पावसातली होती.

किती रकमेचा विमा काढायचा, इथे मात्र गोंधळ होतो. लोक घराचा बाजारभाव सांगतात. बाजारभावात जागेची किंमत मिसळलेली असते आणि जागेचा विमा निघत नाही. विमा बांधकामाचा: आज तेच घर पुन्हा बांधायला जेवढा खर्च येईल, तेवढ्याचा. घराचं चटई क्षेत्र गुणिले तुमच्या गावातला बांधकामाचा दर, असा हिशेब. समजा ८०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये, तर १६ लाख. दर गावातल्या कंत्राटदाराला विचारून घ्या, एजंटाच्या अंदाजावर सोडू नका. बांधकामाचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, एवढा सामानाचा विमा आपोआप मिळतो आणि त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. वरच्या घराला तो ३ लाख २० हजारांचा होईल. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर तसं कळवून रक्कम वाढवा. दागिन्यांसाठी जादा कलम घ्यावं लागतं. रोख पैसे, कागदपत्रं आणि गाडी या पॉलिसीत येत नाहीत. गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टीचा असेल, तर बुडालेल्या गाडीचे पैसे मिळणार नाहीत, हेही जाता जाता तपासा.

पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत २० लाखांचं घर १० लाखांना उतरवलेलं असलं, तर २ लाखांच्या नुकसानीचा १ लाखच मिळायचा. भारत गृह रक्षात ही प्रमाणात कपात काढून टाकली आहे, आणि सामान्य माणसासाठी मला हा सर्वांत मोठा बदल वाटतो. तरी सगळं घर गेलं तर उतरवलेल्या रकमेच्या वर काही मिळत नाही, म्हणून हप्ता वाचवायला रक्कम कमी सांगू नका. मलबा हलवण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. घर राहण्याजोगं नसेल त्या काळातल्या दुसऱ्या जागेच्या भाड्याचीही तरतूद आहे. पॉलिसी एकदम १० वर्षांपर्यंतची काढता येते. दर वर्षी आठवणीने नूतनीकरण करणं ज्यांना जमत नाही, त्यांनी मोठ्या मुदतीची घ्यावी.

काय मिळत नाही, तेही आधी कळलेलं बरं. गळक्या स्लॅबमधून वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी म्हणजे पूर नव्हे. ती दुरुस्ती मालकाचीच. नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, सदोष बांधकाम, नदीने किंवा समुद्राने हळूहळू कापत नेलेला काठ, यांतलं काहीही भरून मिळत नाही.

“आमच्या घराचा विमा बँकेने काढलाय” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे, की त्यावर थोडं थांबून लिहितो. गृहकर्ज घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात विम्याचे कागद असतात हे खरं. पण त्यांतला एक विमा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटावं म्हणून तो काढतात. त्यात घर बुडालं तर एक रुपया मिळत नाही. दुसरा, घराचा विमा असलाच, तर तो अनेकदा कर्जाच्या रकमेएवढाच काढलेला असतो, घरातलं सामान त्यात आहे की नाही हे कुणी पाहिलेलं नसतं, आणि मूळ कागद बँकेच्या फायलीत पडून असतो. बँकेत जा. पॉलिसीची प्रत मागा. ती कुठल्या कंपनीची आहे, कधी संपते, पूर लिहिलेला आहे का, रक्कम किती आहे, ते स्वतः वाचा. कर्ज फिटलेलं असेल, तर तो विमाही बहुधा तेव्हाच संपलेला असतो.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीकडे हीच विचारणा करावी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढायला सांगितलेलं आहे. तुमच्या सोसायटीच्या पॉलिसीत पूर धरला आहे का, हे सर्वसाधारण सभेत विचारा आणि इतिवृत्तात नोंदवायला लावा. सोसायटीची पॉलिसी इमारतीची असते. तळमजल्यावरच्या घरातलं सामान ज्याचं त्याने वेगळं उतरवायचं. भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा घेता येतो.

खाली दुकान आणि वर घर ही आपल्या बाजारपेठांची जुनी रीत. घराच्या पॉलिसीत दुकानातला माल येत नाही. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांची वेगळी पॉलिसी आहे. वडिलोपार्जित घर अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर क्लेमच्या वेळी भावाभावांत आणि कंपनीशी वाद होतो. वारस नोंद लावून घ्या, निदान पॉलिसी कुणाच्या नावे आहे हे सगळ्यांच्या संमतीने लिहून ठेवा. मुंबईकर चाकरमान्यांची गावाकडची घरं वर्षातले कितीतरी महिने बंद असतात. अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या.

अर्ज स्वतः भरा. आधी पाणी आलं होतं का, असं विचारलं तर खरं ते लिहा: कुठल्या साली, कितपत. भिंती मातीच्या असतील तर तेही. हप्ता थोडा वाढेल, पण एजंटाने लिहिलेलं खोटं ‘नाही’ पुढे तुमच्याच क्लेमच्या आड येतं. कोरी सही देऊ नका. मोबाइलवर घराच्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, फ्रिज-टीव्हीच्या मागचा सीरियल नंबर दिसेल असा. बिलांचे फोटो आणि पॉलिसी दुसऱ्या गावातल्या मुलीला किंवा भावाला पाठवून ठेवा. ज्या कपाटात बिलं असतात तेही पुरात जातं.

पाणी ओसरल्यावर आधी वीज बंद असल्याची खात्री करा, मग आत जा. झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ फुटपट्टी धरून टिपा. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेमचा क्रमांक लिहून घ्या. नुकसानीची पाहणी करणारा सर्वेअर येईपर्यंत बिघडलेलं सामान टाकू नका. कुजलेलं धान्य, गाद्या ठेवणं शक्यच नसेल तर व्हिडिओ काढून, कंपनीला मेसेज करून मग टाका. तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा, किंवा नगरपालिकेचा पंचनामा झाला की त्याची प्रत घ्या. सरकारी मदतीलाही ती लागते आणि क्लेमलाही. सर्वेअरला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच ठेवा.

क्लेम नाकारला, किंवा तुटपुंजी रक्कम लावली, तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. इर्डाईचा ‘बिमा भरोसा’ तक्रार कक्ष १५५२५५ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक पॉलिसीच्या पाकिटावर आजच लिहून ठेवा.