चुलीतला निखारा आणि रानातला कर्ब

एप्रिल सरत आला की आमच्या गावात ट्रॅक्टरचा आवाज रात्री अकरापर्यंत थांबत नाही. हरभरा निघालेला असतो, तुराट्या पेटवून झालेल्या असतात आणि ज्याला त्याला पलटी नांगर घालायची घाई. आमच्या खालच्या दीड एकरात मात्र यंदा सलग तिसऱ्या वर्षी नांगर गेला नाही. येणारा-जाणारा बांधावर थांबतो आणि विचारतो, ‘काय, डिझेलला पैसे उरले नाहीत का?’

सुरुवात एका कागदापासून झाली. माती तपासणीच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.३४ टक्के असा आकडा आला होता. ०.५० च्या खाली आला की तो कमीच धरतात. आम्हाला वाटलं, शेणखत कमी पडतंय. म्हणून दोन वर्षं खत विकत आणून टाकलं. आकडा हलला नाही. खत जातं कुठं, हा प्रश्न तेव्हा पडला.

याचं उत्तर आम्हाला आमच्या दादीच्या चुलीत सापडतं. दादी रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायची. पहाटे राख बाजूला केली की आत लाल निखारा जिवंत असायचा. तेच निखारे रात्री कुणी उलथले, फुंकर घातली, तर तासाभरात सगळी राख. जमिनीतल्या कर्बाचंही असंच आहे. मुळं, पालापाचोळा, शेण कुजून जो काळसर अंश तयार होतो, तो मातीच्या बारीक कणांच्या गोळ्यांत दडून बसतो. तिथं हवा कमी पोचते आणि जिवाणूंनाही तो सहज सापडत नाही. नांगर आणि त्याच्यामागून रोटाव्हेटर हे गोळे फोडतात, आतला कर्ब उघडा पडतो, हवा खेळते आणि जिवाणू तो खाऊन टाकतात. तो कर्बवायू होऊन उडून जातो. आपण खत टाकतो आणि आपणच फुंकर घालतो.

थंड मुलखात हिवाळ्यात जमीन गोठते, जिवाणू झोपतात, त्यामुळे तिथं नांगरटीचा तोटा सावकाश होतो. आपल्याकडे अशी झोप नाही. ऊब वाढली की कुजण्याचा वेग वाढतो. दहा अंशांना तो साधारण दुप्पट होतो, असं मानतात. त्यात आपली रीत अशी की मे महिन्यात ढेकळं उन्हात भाजून घ्यायची आणि मृगाचा पाऊस त्यांच्यावर पडू द्यायचा. कोरड्या तापलेल्या मातीवर पहिलं पाणी पडलं की जिवाणूंची एकदम जत्रा भरते. केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे मोजून दाखवलं होतं. पहिल्या पावसानंतर पीक हिरवंगार उठतं, त्यात या जळणाऱ्या कर्बातून सुटलेल्या नत्राचा वाटा असतो. नांगरल्यावर पीक चांगलं येतं हा अनुभव खोटा नाही. फक्त ते मुद्दल मोडून खाणं आहे.

मुद्दल किती, याचा हिशेबही करून पाहावा. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन आठ लाख किलोच्या आसपास भरतं. म्हणजे ०.१ टक्का कर्ब वाढवायचा तर जवळजवळ आठशे किलो कर्ब त्या मातीत मुरून राहिला पाहिजे. नुसता टाकून भागत नाही, कारण टाकलेल्या खताचा मोठा भाग वर्षा-दोन वर्षांत उडूनच जातो.

हे सगळं आम्ही घरात मांडलं तेव्हा खरी अडचण चाचांची होती. जमीन अजून वाटली गेलेली नाही. निम्मा हिस्सा त्यांचा. पन्नास वर्षं त्यांनी हे रान कसलं. ते म्हणाले, ‘बेटा, म्हणजे आम्ही आयुष्यभर जमीन बिघडवली म्हणायची?’ त्यावर आम्हाला पटकन बोलता आलं नाही.

मग त्यांनाच विचारलं, बैलांच्या काळात तुम्ही नांगर कधी घालत होता? म्हणाले, ‘दरसाल कोण घालतंय! हराळी, कुंदा माजला की तीन-चार वर्षांतून एकदा. एरवी वखराच्या पाळ्या.’ काळ्या रानात ही जुनीच रीत होती. ही जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, पावसात पुन्हा फुगते. ती स्वतःला थोडीफार नांगरून घेतेच. वखर दोन-चार बोटं माती हलवायचा. बैलांचं शेण रानातच जायचं. बैल गेले, ट्रॅक्टर आला, दरसाल फूटभर खोल नांगर आणि वर रोटाव्हेटर सुरू झाला. चाचांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘दीड एकर करून बघा. वरचं रान माझ्या मनाप्रमाणे.’

हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. ब्राझीलच्या पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने १९७२ साली न नांगरता सोयाबीन पेरलं. पावसात माती वाहून जाताना त्यांना बघवेना. आज त्या देशात तीन कोटी हेक्टरच्या वर अशी शेती आहे. आपल्याकडे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी वगळून गादीवाफ्यावर भात टोकायची पद्धत बसवली. मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, हे त्यातलं मर्म. कोकणातल्या आमच्या वाचकांनी ती शेतं जरूर पाहावीत.

आम्ही केलं ते एवढंच. एकदा गादीवाफे पाडले, ते मोडले नाहीत. सोयाबीन कापून घ्यायचं, उपटायचं नाही. भुसकट रानात पसरायचं, त्याच वाफ्यावर हरभरा टोकायचा. टोकणीचं बरंचसं काम घरातल्या बायकांनी केलं, आणि अंतर त्यांच्यासारखं कुणाला राखता आलं नाही हेही लिहायला हवं.

पहिल्या वर्षी पंचाईत झाली. भुसकटाखाली वाणी माजली, तिने कोवळी रोपं कुरतडली, दोन वाफे पुन्हा टोकावे लागले. उतारा वरच्या रानापेक्षा एकरी दीड पोत्याने कमी आला. नांगरट-रोटाव्हेटरचा खर्च वाचल्यामुळे अंगावर आलं नाही, इतकंच. तणाचा त्रासही खराच. बहुतेक जण तणनाशक मारतात. आम्ही एकदा मारलं, पुढे खुरपणी केली. आणि एक गोष्ट ठाम सांगतो: भुसकट जाळायचं किंवा विकायचं असेल तर नुसता नांगर थांबवून उपयोग नाही. उघडी, न नांगरलेली जमीन नुसती दगडासारखी होते.

तिसऱ्या वर्षी पुन्हा माती तपासली. कर्ब ०.३८. यात हुरळून जाण्यासारखं काही नाही. नमुना घेण्यातही तेवढा फरक पडू शकतो. शिवाय अशा शेतीत कर्ब आधी वरच्या दोन-तीन इंचांत साठतो, खाली फारसा फरक दिसत नाही. म्हणून नमुना दरवेळी त्याच खोलीवरून आणि त्याच महिन्यात घ्यावा. आम्ही अर्धा फूट खोल, हरभरा निघाल्यावर घेतो.

पण ऑगस्टमध्ये पावसाने वीस दिवस दडी मारली तेव्हा वरच्या रानातलं सोयाबीन दुपारी माना टाकत होतं आणि खालचं संध्याकाळपर्यंत तग धरत होतं. चाचा रोज काठी टेकत बांधावर जाऊन बघत. बोलले काही नाहीत.

परवा ट्रॅक्टरवाला विचारायला आला. चाचा ओट्यावर बसले होते. म्हणाले, ‘वरच्या रानात घाल. पण विहिरीकडची बारा गुंठं सोड यंदा.’